तांबडीनं पाय बदलला

थोरलीला नावानं हाक मारणारं त्या पागेत कुणी उरलं नव्हतं. नवरा होता तोवर ती वस्तादांची बायको होती. तो गेला आणि ती थोरली झाली. मुलगा आणि सून तेवढे आई म्हणत, बाकी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारापासून ते पोरींना शिकायला घेऊन येणाऱ्या बायांपर्यंत सगळ्यांची ती थोरलीच. शाळेशी तिचा संबंध भावाचा विसरलेला डबा पोचवण्यापुरता आला होता, आणि घोड्याच्या पाठीशी फोटोपुरता. पण मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभं राहावं आणि भोवती फिरणाऱ्या स्वारांची साल काढावी तर तिनंच.

"अहो डॉक्टर, ते खोगीर आहे, तुमच्या दवाखान्यातली खुर्ची नव्हे. टेकताय कुठं?"

"पाठ बघा बाईची! वाळत घातलेल्या चादरीला याहून जास्त ताठा असतो."

लोक हसत, चिडत, आणि पुढच्या आठवड्याला परत येत. कारण थोरलीच्या रिंगणात घोडी पाय बदलत. दुसरीकडं वर्ष वर्ष घालवून जे जमत नाही ते तिच्याकडं दोन-तीन महिन्यांत जमतं, अशी तिची ख्याती होती, आणि ती ख्याती सांगत फिरणारी पहिली बाई तीच होती.

ज्यानं घोडा चित्रातच पाहिलाय त्याच्यासाठी सांगायचं तर गोष्ट साधी आहे. दुडकी सोडून घोडं दौडीला लागलं की त्याचा एका बाजूचा पाय दुसऱ्याच्या पुढं पडत राहतो. उजव्या वळणाला उजवा पुढं हवा, डाव्या वळणाला डावा. उलटा पडला की वळणावर घोडं पायात पाय अडकल्यासारखं कलतं आणि वर बसलेल्याच्या पोटातलं पाणी हलतं. म्हणून आठाचा आकडा काढताना, बरोबर मध्यावर, चारी पाय जमिनीपासून सुटलेले असतात तेवढ्या पापणीभर वेळात घोड्यानं पाय बदलायचा. आणि बदल म्हणून सांगायचं ते स्वारानं. ओढून नाही, ओरडून नाही. नुसत्या कमरेनं आणि टाचेनं. चारचौघांत सासू सुनेला डोळ्यांनी सांगते ना, तसं. जिला कळायचं तिला कळतं, बाकीचे सरबत पीत राहतात.

त्या वर्षी घोडेस्वारांच्या संघटनेनं फर्मान काढलं. रिंगणात उभं राहून शिकवायचं तर सर्टिफिकेट पाहिजे. आधी लेखी परीक्षा, मग शिकवून दाखवायचं, मग स्वारी. ज्या पागेत असा कुणी नसेल तिथं संघटना आपला कोच नेमणार.

थोरलीला लेखी परीक्षा देणं म्हणजे मांजराला पोहायला सांगणं. मुलगा दाणा-वैरण आणि बिलं बघणारा. घोड्याला तो लांबूनच नमस्कार करी. राहिली सून. पोस्टातल्या कारकुनाची मुलगी, लग्न होऊन आली तेव्हा घोड्याचं तोंड कुठं आणि शेपटी कुठं एवढंच तिला ठाऊक होतं, तेही शेपटीला केस असतात म्हणून. तिला खोगिरावर बसवली थोरलीनं, पाडली थोरलीनं, परत बसवली थोरलीनं. आता ती तांबडी घोडी पाण्यासारखी फिरवत होती.

"कागद तिचा, तोंड माझं," थोरलीनं जेवताना जाहीर करून टाकलं. "तिनं पास व्हायचं आणि भिंतीवर फ्रेम लावायची. मधे उभी मीच राहणार. एका म्यानात दोन तलवारी मला चालायच्या नाहीत."

मुलगा म्हणाला, "बरं." तो सगळ्यालाच बरं म्हणे. सून काही बोलली नाही. तिच्या या न बोलण्याचाच थोरलीला राग होता. भांडणारी सून परवडते, तिला उत्तर तरी देता येतं. गप्प बसणाऱ्या सुनेपुढं माणूस आपलंच बोलणं ऐकत बसतं.

लेखी परीक्षा सून पास झाली, शिकवून दाखवायचीही झाली. स्वारी उरली. त्या सुमाराला थोरलीची दाढ ठणकायला लागली. ती काढली, तर शेजारचीही हलत होती; तीही काढली. गाल टम्म फुगला, तोंडात कापसाचा बोळा. अशा अवस्थेतही ती सकाळी मैदानात येऊन उभी राहिली, कारण आपण नसलो तर सूर्यही नीट उगवायचा नाही अशी तिची खात्री होती.

सुनेनं तांबडीला दौडीला घातलं. उजवा गोल छान झाला. मध्यावर आली, आणि तांबडी सरळ तशीच पुढं निघून गेली. डाव्या वळणावर उजव्याच पायानं, वाकड्या चाकाच्या हातगाडीसारखी. सुनेनं परत आणली. परत तेच. तिसऱ्यांदा घोडीनं पुढचे पाय बदलले पण मागचे तसेच ठेवले, आणि सून खोगिरात अशी हादरली की पायातली रिकीब सुटली.

थोरली हात नाचवत ओरडली. "नाचता येईना अंगण वाकडं" असं तिला म्हणायचं होतं. कापसातून "आआआ आआडं" एवढंच बाहेर आलं. मोतद्दार हसला. थोरलीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो खरारा घेऊन भलत्याच घोड्याच्या ठाणात शिरला.

आठवडाभर हेच. सुनेची टाच दुखायला लागली, घोडीची मान आखडली. मग थोरलीचा गाल उतरला, कापूस गेला, आणि पहिल्याच सकाळी तांबडीनं लोण्यातून सुरी फिरावी तसा पाय बदलला.

"बघितलंस?" थोरली म्हणाली. "मी जरा बोलले की जमतं. तुला धाक लागतो, बाई, धाक."

सून खाली उतरली नाही. घोडी थांबवून ती बराच वेळ सासूच्या तोंडाकडं बघत राहिली. डोळ्यांकडं नव्हे, तोंडाकडं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा इकडं या. आई, तुम्ही मधे उभ्या राहा, नेहमीसारख्या."

मुलगा हातातली बादली घेऊनच आला. सुनेनं दोन्ही पाय रिकिबीतून काढून लोंबते सोडले, लगाम एका हातात सैल धरला आणि नुसती पोत्यासारखी बसली. तांबडीला वाट पाठ होती. उजवा गोल, मध्य, आणि मध्यावर घोडीनं पाय बदलला. डावा गोल, मध्य, परत बदलला. सुनेची टाच कुठं लागलीच नव्हती.

"ऐकलंत?" सुनेनं नवऱ्याला विचारलं.

तो हसायलाच लागला. "आई, तू जीभ वाजवतेस गं! घोडी मधे आली की टक करतेस! मला कधी कळलंच नाही."

"मी कशाला टक करू? मी काय पाल आहे?"

"आता तोंडावर हात ठेवा, आई," सून म्हणाली.

थोरलीनं हात ठेवला. ठेवला नसता तर बरं झालं असतं. घोडी मध्यावरून सरळ निघून गेली.

टक्. वस्तादांची ती सवय होती. घोड्यांशी ते तसेच बोलत. त्यांच्याशेजारी वर्षानुवर्षं उभी राहून, नवऱ्याचं घोरणं लागतं तशी ती तिला लागली होती. आपण तसं करतो हे तिला खरंच माहीत नव्हतं. पण हे कबूल करणं म्हणजे अडाणी तर अडाणी, वर बेसावध ठरणं.

"म्हणजे आजवर सगळ्यांची..." मुलगा बोलता बोलता थांबला.

सुनेनं ते पुरं केलं. "सगळ्यांची घोडी आईंच्या जिभेवर बदलली. वरचे नुसते बसले होते. मीसुद्धा."

"मग बदलली ना?" थोरली म्हणाली. "कुणाची काय हरकत होती? डॉक्टर हसत घरी जात होता, बाया हसत घरी जात होत्या."

"परीक्षेला तुम्ही मधे नसणार. बाहेरून कुणी नुसतं खाकरलं तरी त्याला मदत म्हणतात. घोडीला माझा पाय कळतच नाही, आई. तिला तुमची जीभ कळते. मला तिला पहिल्यापासून शिकवावं लागेल." मग आवाज न चढवता ती म्हणाली, "परीक्षा होईतो तुम्ही मैदानात येऊ नका."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

थोरलीनं मुलाकडं पाहिलं. मुलगा बादलीत बघत होता. बादली रिकामी होती.

त्या दिवसापासून थोरली खोगिरांच्या खोलीत बसू लागली. त्या खोलीला मैदानाकडं एक खिडकी होती. बाहेर बघत नाही असं दाखवायला ती लगामांना तेल लावत बसे. एकाच लगामाला इतकं तेल लागलं की तो हातातून मासोळीसारखा निसटू लागला.

सून बिगरीपासून सुरू झाली. गोलावर दौड, मध्यावर घोडीला पार चालीवर आणायची, चार पावलं चालवायची, आणि कंबर फिरवून टाच मागं लावून दुसऱ्या पायावर परत दौड. बदल म्हणून सांगायचं नाहीच. थांब, ऐक, आता निघ. पुन्हा पुन्हा. मग चालायची पावलं कमी कमी करत आणली. घोडी वैतागली, तिनं लाथा झाडल्या, एकदा सुनेला कुंपणावर भिरकावलं. थोरली खुर्चीतून उठली होती. सून आधी घोडीकडं लंगडत गेली हे पाहून ती परत बसली. चुकली तिथं सून स्वतःवर चिडे, घोडीवर नाही. हे थोरलीला कधी जमलं नव्हतं. ते तिला दिसलं, आणि दाढ काढलेल्या जागी जीभ जावी तसं तिचं मन दिवसभर तिथंच जात राहिलं.

पण त्याहून वाईट दुसरंच होतं. सून तांबडीच्या ठाणात शिरली की टक् टक् करायची. दाणा घालताना टक्, खरारा करताना टक्, खूर साफ करताना टक् टक् टक्. मोतद्दारालाही तिनं सांगून ठेवलं असावं. तोही जाता-येता करी. सकाळ-संध्याकाळ सारी पागा पालींनी भरल्यासारखी वाजे.

"मला वेडावते तुझी बायको," थोरली मुलाला म्हणाली.

"नाही गं आई."

"नाही कसं? घरच्या म्हातारीची नक्कल करायची आणि मोतद्दाराला हसवायचं, हे संस्कार?"

"तू विचार ना तिला."

थोरली विचारणार! तिनं त्या दिवसापासून सुनेच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. स्वतः उठून घ्यायची, आणि घेताना भांडं मुद्दाम आपटायची.

परीक्षा त्यांच्याच मैदानात होती. परीक्षक आले, बारीक, कडक इस्त्रीचा माणूस, बोलण्यात एकही शब्द जास्तीचा नाही. मुलानं आईला सांगितलं, तू खोलीतच बस. थोरली बसलीही. पण खिडकीतून मैदानाचा पलीकडचा कोपरा दिसत नव्हता, आणि स्वतःच्या मैदानाचा कोपरा बघायला ती कुणाची परवानगी घेणार होती? ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. मुलानं लांबून हातानं नाही नाही केलं. तो आपल्याला दिसलाच नाही असं तिनं केलं.

सून छान बसली होती. दुडकी नेटकी झाली, गोल मोजून काढल्यासारखे आले. उजवीकडून डावीकडं बदल झाला, थोरलीच्या अंगावर काटा आला. तिचा त्यात काडीचा हात नव्हता. आता डावीकडून उजवीकडं, तांबडीची कच्ची बाजू. घोडी कोपऱ्यातून वळून मध्याकडं निघाली आणि थोरलीला दिसलं, की तिची मान किंचित ताठ झालीय. कान इकडंतिकडं होताहेत. सून अजून नुसती बसलीय. टाच मागं जात नाहीय. आली की मध्यावर! उशीर होणार. चुकणार. कागद जाणार, तो कोच येणार, पागा परक्याच्या हातात जाणार.

थोरलीनं टक् केलं.

या वेळी जीभ आपोआप गेली नव्हती. तिनं ती उचलून टाळूला लावली होती, चांगली करकचून. आणि त्या क्षणात एक बारीक आशाही होती, खोटं कशाला बोला: घोडी बदलेल ती माझ्या शब्दावर.

तांबडीचा कान हललाही नाही. जसा काही पागेतला रोजचा आवाज, दाराची कडी, बादली, टक्. ती आपली पुढं आली. थोरलीनं परत केलं, मोठ्यानं. घोडी आणखी एक उडी पुढं आली, सुनेची कंबर फिरली, टाच मागं गेली, आणि तांबडीनं चारी पाय उचलून असा पाय बदलला की धूळसुद्धा सरळ रेषेत उडाली.

तेव्हा थोरलीला ती महिनाभराची टक् टक् समजली. कुणी तिला वेडावत नव्हतं. सुनेनं तो आवाज झिजवला होता. दाण्याबरोबर, खराऱ्याबरोबर, सकाळ-संध्याकाळ वापरून त्याचा अर्थच संपवून टाकला होता.

परीक्षकांनी हात वर करून स्वारी थांबवली. कुंपणाकडं वळून म्हणाले, "त्या बाईंना बाहेर न्या."

मुलगा आला. आईच्या कोपराला धरून, पडेल की काय अशा बेतानं, त्यानं तिला तिच्याच मैदानातून बाहेर नेलं. मागं परीक्षकांचा आवाज ऐकू येत होता. "बाहेरून आवाज झाला, तो मी ऐकलाय. पण घोडीनं तो घेतला नाही. तुमचा पाय लागला तेव्हाच बदलली. पुढं चला."

सून पास झाली.

जाताना परीक्षकांनी सहज विचारलं, "पाय बदलण्याची तयारी कुणाकडं केलीत?" थोरली खोगिरांच्या खोलीच्या दाराआड उभी होती. सुनेनं घोडीच्या पोटाखालचा तंग सैल केला, घाम पुसला, आणि म्हणाली, "आमची आम्हीच केली. मी आणि हिनं."

संध्याकाळी सून खोगीर ठेवायला त्या खोलीत आली. थोरली खुर्चीत बसून होती. सुनेनं खोगीर खुंटीवर चढवलं, फडकं घेतलं, लगामाची कडी पुसायला लागली. मग म्हणाली, "आई, एक विचारू?"

"विचार. आता सर्टिफिकेटवाली आहेस."

"आज टक् केलंत ते. माझ्यासाठी केलंत की माझ्याविरुद्ध केलंत?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. थोरलीच्या खरं उत्तर तोंडाशीच होतं: मला वाटलं तू चुकतेस, म्हणून केलं. तेवढं म्हटलं असतं तर सून म्हणाली असती, नव्हते चुकत, आई. आणि ते खरंच होतं. मग ती जवळ आली असती. असू दे म्हणाली असती. भिंतीशी एक खुर्ची टाकली असती, उशी ठेवली असती, नव्या पोरांना टोपी कशी बांधायची तेवढं तुम्ही शिकवा म्हणाली असती. नीट न दिसणाऱ्या, नीट न ऐकू येणाऱ्या, बिचाऱ्या म्हातारीशी बोलतात तशा आवाजात. आयुष्यभर जो आवाज थोरलीनं दुसऱ्यांसाठी राखून ठेवला होता, तो.

तिनं मान वर केली.

"तुझ्याविरुद्ध केलं," ती म्हणाली. "तुला पाडायलाच केलं. नाही पडलीस, तुझं नशीब."

सुनेचं फडकं थांबलं. चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं ते विझलं. थोरली ते विझताना बघत राहिली. डोळे तिनं खाली केले नाहीत.

"मला वाटलं होतं," सून हळूच म्हणाली, "की तुम्ही काळजीनं..."

"तुला फार वाटतं."

"बरं," सून म्हणाली. लगाम तिनं खुंटीला लावला. "मग मैदानात आता तुम्ही नकोच. मी यांना सांगते."

"सांग की. घाबरते की काय मी?"

रात्रीच्या जेवणाला तिघंच होते. सुनेनं वाढलं, पण थोरलीच्या ताटाशी आली तेव्हा तिच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही. दारावर आलेल्या वैऱ्यालाही उपाशी पाठवू नये म्हणून वाढतात तसं, मोजून आणि नीट वाढलं. मुलानं एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं पाहिलं.

"काय झालं? आजच्या दिवशी तरी हसा की दोघी. आई, काय बोललीस तू हिला?"

"काय बोलायचं ते बोलले. जेव तू."

त्यानं बायकोकडं पाहिलं. "अगं, आईनं मुद्दाम नसेल केलं. तिला आता..." आणि त्यानं हात हवेत हलवला, वय झालं असं दाखवायला.

"मुद्दामच केलं," सून म्हणाली. "त्यांना सगळं कळतं."

थोरलीनं पाठ ताठ केली, घास नीट चावला, उरलेल्या दातांच्या बाजूनं, आणि ताटातलं सगळं संपवलं.